मुक्कामाची उंची : स्पितीच्या कच्च्या रस्त्याची आखणी

"सुट्टीत आमची गाडी घेऊन स्पितीला जायचं म्हणतोय. फोर बाय फोर लागेल का?" पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत हा प्रश्न सारखा कानावर येतो. त्यामागोमाग दुसरा येतो, "दिवसाला किती किलोमीटर होतात?" दोन्हींची उत्तरं पुढे येतीलच, पण त्यांच्या आधी एक तिसरा प्रश्न यायला हवा आणि तो फारसं कुणी विचारत नाही : आज रात्री आपण किती उंचावर झोपणार आहोत? डोंगरातल्या सहलीचं वेळापत्रक या प्रश्नाभोवती बांधलं, तर गाडी, इंधन, तंबू, स्वयंपाक हे सगळं आपापल्या जागी बसत जातं. किलोमीटरवरून बांधलं, तर तिसऱ्या-चौथ्या रात्री कुणाचं तरी डोकं ठणकायला लागतं आणि पुढचं सगळं विस्कटतं.

या प्रकरणात आपण एकच वाट घेऊ. सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत, काझ्याहून कुंझुम ला ही खिंड ओलांडून चंद्रताल तळ्याला, आणि बातल, छत्रू, ग्रांफू करत मनालीला. लडाखला किंवा इतर कुठे जाणार असाल तर गावं बदलतील, हिशोब हाच राहील.

१. हा उन्हाळा कधी असतो?

आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलअखेर सुरू होते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. हिमालयातल्या उंच खिंडी हे वेळापत्रक पाळत नाहीत. कुंझुम ला साडेचार हजार मीटरच्या वर आहे. हिवाळाभर साचलेला तिथला बर्फ यंत्रांनी कापून रस्ता मोकळा करावा लागतो, आणि हे काम साधारणपणे मेअखेर ते जूनचा मध्य या काळात पुरं होतं. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत काझ्यापर्यंत पोचता येतं, पण पुढे बहुतेक वेळा भिंत असते.

जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा हा या वाटेचा खरा उन्हाळा. त्यानंतर पाऊस येतो. स्पितीत फार पडत नाही, कारण आपल्या माणदेशासारखाच तोही पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. महाबळेश्वरला धो धो कोसळणारे ढग दहिवडीला पोचेपर्यंत रिते होतात, तसेच कुलू आणि किन्नौरच्या दक्षिण उतारांवर बरसून झाल्यावर ढगांत पलीकडे नेण्यासारखं फारसं उरत नाही. मात्र स्पितीत जायचं तर याच उतारांवरून जावं लागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दरडी कोसळतात. दुसरी चांगली खिडकी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतची. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं, थंडी मात्र बोचरी.

मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच हाताशी असेल तर सिमल्याहून काझ्याला जा आणि त्याच वाटेने परत या. ती सहल दुय्यम दर्जाची नाही. इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ, सतलज आणि स्पितीचा खाबचा संगम, कल्पाच्या अंगणातून दिसणारा किन्नर कैलास हे सारं याच बाजूला आहे.

आणखी एक. जुलै २०२३ मध्ये ऐन मोसमात चंद्रतालला बर्फ पडला आणि जवळजवळ तीनशे माणसं तिथल्या तळांवर अडकली. त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले. त्यामुळे वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि परतीचं तिकीट त्या दोन दिवसांनंतरचं काढायचं. हे दोन दिवस ठेवता येत नसतील तर त्या वर्षी कुंझुम ओलांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. वर गेल्यावर हवा कमी होते म्हणजे काय?

अनेकांना वाटतं, वरच्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. तसं नाही. मुंबईच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे, चंद्रतालच्या हवेतही तेवढाच. बदलतो तो दाब. घरात गोधड्यांची उंच चवड असते, तिच्यातली सगळ्यांत खालची गोधडी वरच्या सगळ्यांच्या भाराने चेपलेली असते आणि वरची फुगून सैल पडलेली असते. हवेचं तसंच आहे. समुद्रकाठी आपण चवडीच्या तळाशी राहतो. चंद्रतालला, ४,२५० मीटरवर, डोक्यावरचा थर कमी झालेला असतो आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो. श्वास तेवढाच घेतला तरी छातीत जाणारा ऑक्सिजन मुंबईच्या मानाने साठ टक्केच.

शरीर याला तोंड देतं, पण सवडीने. आधी श्वास जलद होतो. जलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता घटते. मग मेंदू श्वासाला लगाम घालतो. या ओढाताणीत पहिल्या काही रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून जागा होतो. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं रक्ताचा तोल सावरतात आणि श्वास मोकळा होतो. त्यांना घाई करता येत नाही. झोपेत श्वास आणखी मंदावतो, म्हणून दिवसा किती उंच गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो याला जास्त महत्त्व आहे.

डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढावी.

इथे आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना कळकळीने सांगावंसं वाटतं. तंदुरुस्ती या आजारापासून वाचवत नाही. हरिश्चंद्रगड एका दमात चढणारा तरुण आडवा पडतो आणि त्याच्या आजी ठणठणीत राहतात, असं होऊ शकतं. महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि मनालीचा बाजारच त्याहून उंच आहे. सह्याद्रीत कितीही वर्षं काढली असली तरी या उंचीची परीक्षा तिथे झालेलीच नसते.

३. रात्रींची यादी

आता आखणी करू. उंची अंदाजे, मीटरमध्ये :

पहिली रात्र नारकंडा, २,७००
दुसरी कल्पा, २,९६०
तिसरी ताबो, ३,२८०
चौथी, पाचवी, सहावी काझा, ३,७००
सातवी चंद्रतालजवळचा तळ, ४,२५०
आठवी मनाली, २,०५०

कल्पाहून ताबोला जाताना नाको लागतं. गाव देखणं आहे, तळंही आहे, पण उंची सुमारे ३,६६०. तिथे झोपलात तर एका रात्रीत ७०० मीटरची उडी होते. म्हणून नाकोला जेवायचं आणि ताबोला उतरून झोपायचं. काझ्यातल्या तीन रात्री हे या यादीचं हृदय आहे. त्यातले मधले दोन दिवस कीचा मठ, किब्बर, हिक्किमचं पोस्ट ऑफिस, साडेचार हजार मीटरच्या वर वसलेलं कोमिक असं फिरायचं आणि रात्री पुन्हा काझ्याला उतरायचं. दिवसा चढा, रात्री उतरा. चंद्रतालची उडी नियमापेक्षा थोडी मोठी, ५५० मीटरची आहे, पण तोवर शरीर तीन रात्री मुरलेलं असतं.

हीच सहल उलटी, मनालीहून सुरू केली तर? पहिल्या दिवशी मनाली, दुसऱ्या दिवशी चंद्रताल : एका उडीत २,२०० मीटर. अंतर कमी पडतं आणि बोगद्यामुळे वेळही वाचतो, म्हणून बरेच जण हेच करतात. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून हा मोह आणखी वाढला आहे. पण चंद्रतालला रात्री बिघडलं तर पटकन खाली उतरायची सोय नाही, हे लक्षात घ्या. काझ्याकडे जायचं तर आधी कुंझुम चढावा लागतो. मनालीकडे जायचं तर बातल जेमतेम तीनशे मीटर खाली, आणि पुढे अंधारात नाले ओलांडत पन्नास किलोमीटरचा दगडधोंड्यांचा रस्ता. सर्वांत उंच मुक्काम शेवटीच का ठेवायचा, त्याचं खरं कारण हे आहे.

ओळखायचं कसं? डोकेदुखी, आणि सोबत मळमळ, गरगर किंवा विलक्षण थकवा असेल तर तो उंचीचाच त्रास समजा आणि आणखी वर जाऊ नका. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साचतंय. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. खाली उतरायचं, ऑक्सिजन द्यायचा, दवाखाना गाठायचा. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे. डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम लवकर सुरू करून देते, पण ती घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

४. मग फोर बाय फोर लागते का?

कुंझुमवरून हिमाचलची एसटी जाते. मोसम सुरू झाला की कुलू-काझा बस याच रस्त्याने धावते, आणि तिची फक्त मागची चाकं फिरतात. ती पार होते, कारण तिचं पोट जमिनीपासून उंच आहे, चाकं मोठी आहेत आणि चालकाला रस्ता पाठ आहे. यातून क्रम ठरतो : आधी गाडीखालची मोकळी जागा, मग टायर, मग चालकाचा हात, आणि त्यानंतर फोर बाय फोर.

गाडीखाली २०० मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा असेल तर कोरड्या दिवसांत दोनच चाकांना जोर मिळणारी एसयूव्हीही ही वाट करू शकते. चारही चाकांना जोर मिळण्याचा उपयोग चिखलात, सैल वाळूत आणि नाल्यातल्या गोट्यांवर होतो, जिथे एक चाक नुसतं गरगर फिरू लागतं. त्याहून मोलाची आहे ती 'लो' पट्टी. तिच्यात इंजिनाची ताकद कितीतरी पट वाढून चाकांपर्यंत येते आणि गाडी माणसाच्या चालीने, क्लच न घासता चढते. वर विरळ हवेत इंजिनालाही धाप लागते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन कुंझुमवर आपली एक तृतीयांशाहून जास्त ताकद गमावतं. मग चालक अर्धा क्लच दाबून चढण काढायला बघतो आणि क्लच जळतो. अशी गाडी असेल तर पहिला गिअर, कमी सामान आणि भरपूर धीर. टपावरचा जड कॅरिअर घरीच ठेवा.

उतारावर उलटं होतं. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि शेवटी धरतच नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, म्हणजे गाडीला इंजिनच अडवून धरतं. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो. तो दाबच कमी झाल्यामुळे वर पॅडल नेहमीपेक्षा कडक लागतं, पाय जास्त रेटावा लागतो. हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

५. दोन छोटे हिशोब

*टायर.* काझ्याच्या वाटेवर चिप्सचं पाकीट फुगून टम्म होतं, ते तुम्ही पाहाल. टायरचंही तेच होतं. मुंबईत ३२ पीएसआय भरलेत. मापक आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. मुंबईत बाहेरचा दाब १४.७, चंद्रतालला सुमारे ८.७. म्हणजे तापमान तेच राहिलं असतं तर मापकावर ३८ दिसले असते. पण मुंबईत ३० अंश होते आणि तिथे पहाटे ५ अंश आहेत. थंडीने आतली हवा आक्रसते आणि सुमारे ४ पीएसआय कमी होतात. उरले ३४. दुपारी उन्हात चालल्यावर टायर तापतो आणि आकडा पुन्हा चढतो. कडक टायर दगडांवर उसळतो, पकड सोडतो. काझ्यात सकाळी, गाडी हलवण्याआधी दाब मोजा आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. फार कमीही करू नका, धारदार दगड टायरची बाजू फाडतात. चांगल्या स्थितीतली स्टेपनी, हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरचं साहित्य जवळ हवंच.

*इंधन.* काझ्यात पंप आहे, जगातल्या सर्वांत उंच पंपांपैकी एक. पुढचा भरवशाचा पंप थेट मनालीकडे. अंतर सुमारे २०० किलोमीटर, चंद्रतालचा फाटा जाऊन-येऊन आणखी २८. महामार्गावर लिटरला १४ देणारी गाडी इथे ९ देईल असं धरा. २२८ भागिले ९, म्हणजे २५ लिटर. पण छत्रूला नाला फुगलेला आढळला आणि काझ्याला परत फिरावं लागलं तर? जाताना सुमारे १५०, येताना १२०, एकूण २७० किलोमीटर, ३० लिटर. बहुतेक गाड्यांची टाकी याहून मोठी असते. तेव्हा काझ्यात टाकी काठोकाठ भरा आणि पेट्रोलचे कॅन गाडीत कोंबू नका. बंद गाडीत त्यांची वाफ साचते, आणि तेवढ्यासाठी तो धोका पत्करण्याचं कारण नाही.

६. तंबू आणि चूल

चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. २००५ पासून हे तळं रामसर यादीतल्या पाणथळींपैकी एक आहे. ठरवून दिलेली तळांची जागा काही किलोमीटर अलीकडे आहे. गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा पायीच. हा नियम पटण्यासारखा आहे : इतक्या थंडीत घाण कुजत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. कचरा सगळा परत आणायचा. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं दूर खड्डा करायचा.

जागा निवडताना कोरडा ओढा कितीही सपाट दिसला तरी टाळा. सैल दगडांच्या उताराखालीही नको. जूनमध्येही रात्री पारा शून्याजवळ जातो. लोक जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि खालची चटई विसरतात. अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही आणि जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते, म्हणून फोमची जाड चटई आधी. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही : तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं, किंवा बंद गाडीत इंजिन सुरू ठेवून झोपणं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

स्वयंपाकाचं गणित मला विशेष आवडतं. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. चंद्रतालला ते ८६ अंशांच्या आसपास खळखळू लागतं आणि त्याहून तापतच नाही. म्हणून उघड्या पातेल्यात तांदूळ कितीही वेळ ठेवले तरी मध्ये कच्चे राहतात, डाळीचं तर नावच नको. कुकर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरणाने वाढवतो. मुंबईत एक अधिक एक, म्हणजे दोन, आणि १२० अंश. चंद्रतालला ०.६ अधिक एक, म्हणजे १.६, आणि ११३-११४ अंश. कुकर इथेही काम करतो, फक्त शिट्ट्या थोड्या जास्त लागतात. मूगडाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून खिचडी लावा. उंचावर भूक मरते, तरी गरम, पातळ आणि थोडं थोडं खात राहा. दारू त्या रात्रीपुरती वर्ज्य. ती झोपेतला श्वास आणखी मंद करते.

७. नाल्याची वेळ

चंद्रताल ते ग्रांफू हा सहलीतला सर्वांत अवघड टप्पा. रस्त्यावरून वाहणारे नाले हिमनद्यांच्या वितळण्यावर चालतात. रात्री वितळणं थांबतं, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी असतं. ऊन चढतं तसं ते वाढतं, आणि बर्फापासून रस्त्यापर्यंत यायला पाण्याला वेळ लागत असल्याने जोर दुपारनंतर, तीन-चारच्या सुमारास असतो. सकाळी पोटरीएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याच्या वर गेलेला असतो. तेव्हा तळ सहाला सोडा, बातलच्या ढाब्यावर चहा घ्या, समोरून कोणी आलं असेल तर पुढच्या पाण्याची खबर विचारा, आणि दुपारी बाराच्या आत ग्रांफू गाठा.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर बहुतेक गाड्या जातात. त्याहून जास्त असेल तर आपल्या गाडीची पाण्याची मर्यादा कंपनीच्या पुस्तकातून आधीच माहीत असायला हवी. पाणी गढूळ असलं की तळ दिसत नाही. मग थांबा, दुसरी गाडी जाऊ द्या, तिची चाकं कुठे बुडतात ते पाहा. पहिला गिअर, सारखा वेग, मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सुरू करू नका. हवेऐवजी पाणी आत ओढलं गेलं असेल तर ते दबत नाही आणि आतला दांडा वाकतो. गाडी दोराने ओढून काढा. बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून कोरडे करा.

लोसर सुटल्यापासून ग्रांफूपर्यंत मोबाइलचा भरवसा नाही. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे, तो कुणाकडून मागून आणू नका. त्याऐवजी काझ्यातून निघताना घरी आणि मुक्कामाच्या हॉटेलात दोन्हीकडे सांगा : कोणती वाट, कोणत्या दिवशी मनाली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. नाला फुगलेला दिसला तर छत्रू किंवा बातलला रात्र काढा आणि पहाटे पुन्हा बघा. मोकळे ठेवलेले दोन दिवस इथे खर्चायचे.